नटाचा खटला आणि प्रेक्षकांची ज्यूरी

फौजदारी खटल्याच्या निमित्ताने मुंबईच्या लोकसमाजाचे मन कसे हेलावते ह्याचा इतिहास कोणी लिहावयास घेतला, तर 22 जुलै 1908 ह्या दिवसापासून त्यास आरंभ करणे सोयीचे होईल. त्या रात्री उच्च न्यायालयात लोकमान्यांस सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, आणि पुढचे सहा दिवस, शिक्षेच्या एकेका वर्षास एकेक दिवस ह्या हिशेबाने, लालबाग-परळच्या गिरणी-कामगारांनी गिरण्या ओस पाडल्या. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्या लोकांची सहानुभूती खरी होती की नाही हा प्रश्न आज कोणी विचारीत नाही. कारण तिची किंमत त्यांनी आपल्या मजुरीतून आणि काहींनी आपल्या रक्तातून दिली होती.

त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी ह्याच शहराने दुसरा खटला गाजविला. 27 एप्रिल 1959 रोजी कमांडर कावस नानावटी ह्यांनी प्रेम आहुजा ह्यांस गोळ्या घातल्या. नानावटी न्यायालयात येत ते आरमाराच्या पांढऱ्या शुभ्र गणवेषात, छातीवर पदके लावून. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मताने त्यांस निर्दोषी ठरविले. न्यायाधीशांस ते पटले नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले आणि तेथे जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती 1961 साली कायम केली, आणि 1964 साली राज्यपालांनी माफी दिली. (हा हिंदुस्थानातला शेवटचा ज्यूरी-खटला असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते, ते खरे नव्हे.) ‘ब्लिट्झ’ पत्राने नानावटींची बाजू इतक्या आवेशाने उचलली की पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांस विकला जाई असे सांगतात. रस्त्यावरचे फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ ह्या नावांची वस्तू विकू लागले. सहानुभूतीचा भाव आता दोन रुपयांपर्यंत उतरला होता, आणि त्यात करमणुकीचीही सोय झाली होती.

ह्या पार्श्वभूमीवर श्री. संजय दत्त ह्यांच्या खटल्याकडे आणि विशेषतः त्यांच्यावर निघालेल्या ‘संजू’ ह्या चित्रपटाकडे पाहावे असे आम्हांस फार दिवस वाटत होते. राजकुमार हिरानी ह्यांचा हा चित्रपट 29 जून 2018 रोजी प्रदर्शित झाला आणि त्या वर्षाच्या हिंदी चित्रपटांत कमाईने अग्रभागी राहिला. तेव्हा उठलेला वाद शमून आता बरीच वर्षे झाली. टीकेस असा निवलेला काळच मानवतो. ताज्या वादात टीकाकारासही नकळत वकिली करावी लागते.

आधी खटल्याची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण चित्रपट पाहिलेल्या पुष्कळांस ती चित्रपटात आहे तेवढीच ठाऊक असते. 12 मार्च 1993 रोजी दुपारी अवघ्या दोन तासांच्या अवधीत शेअर बाजारापासून विमानतळापर्यंत मुंबईत ठिकठिकाणी स्फोट झाले. त्यांत 257 माणसे मेली आणि 713 जखमी झाली. दादरला प्लाझा चित्रपटगृहाच्या आवारात आणि सेनाभवनाशेजारच्या पेट्रोल पंपावर, वरळीला सेंच्युरी बाजारात, तिकडे झवेरी बाजारात लोकांची गर्दी असते त्या नेमक्या जागा निवडलेल्या होत्या. पुढच्याच महिन्यात, दत्तांजवळ एके-56 जातीची बंदूक असल्याची बातमी एका वार्ताहराने फोडली. दत्त तेव्हा चित्रीकरणासाठी मॉरिशसला होते; तेथून त्यांनी दूरध्वनीवरून सांगितल्याप्रमाणे मित्रांनी ती बंदूक नष्ट केली. परतताच 19 एप्रिलला त्यांस अटक झाली. मधला जामीन रद्द होऊन 1994 च्या जुलैपासून ऑक्टोबर 1995 पर्यंत ते तुरुंगात राहिले. आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात, म्हणजे चिंचपोकळी-लालबागच्या अगदी उंबरठ्यावर, खास न्यायालय बसले आणि सहाशेंहून अधिक साक्षीदार तपासले गेले. 28 नोव्हेंबर 2006 रोजी न्यायमूर्ती प्रमोद कोदे ह्यांनी दत्तांस कटाच्या व टाडाखालच्या आरोपांतून मुक्त केले, परंतु शस्त्र कायद्याखाली दोषी ठरविले. पुढच्या जुलैत सहा वर्षांची सक्तमजुरी झाली. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2013 रोजी ती पाच वर्षांवर आणली. शिक्षेत सूट मिळून 25 फेब्रुवारी 2016 रोजी ते येरवड्याहून सुटले.

ह्या निकालाचे दोन भाग वाचकांनी लक्षात ठेवावेत. हे गृहस्थ बॉम्बस्फोटाच्या कटात नव्हते, हा एक. बेकायदा शस्त्र त्यांनी बाळगले, हा दुसरा. ‘संजू’ चित्रपटाचा सगळा आवेश, सगळे अश्रू आणि संगीत पहिल्या भागावर खर्च झालेले आहे. आपण अतिरेकी नाही हे नायक बापाला सांगतो, मित्राला सांगतो, चरित्र लिहावयास आलेल्या बाईंना सांगतो. पण हे तर न्यायालयाने बारा वर्षांपूर्वीच सांगून टाकले होते! जो आरोप कोर्टात टिकला नाही त्याच्याशी चित्रपट अडीच तासांहून अधिक वेळ झुंजतो, आणि जो टिकला त्याच्यापुढे येताच दुसरीकडे पाहू लागतो. कुटुंबास धमक्या येत होत्या, दंगलीचे दिवस होते, मुलगा घाबरला. एवढ्यावर प्रकरण मिटते. दत्तांजवळ परवान्याची तीन शस्त्रे आधीच होती ही गोष्ट खटल्याच्या कागदपत्रांत आहे. मग रक्षणासाठी शत्रूच्या रणांगणावर शोभेल असे हत्यार आणि तेही गुन्हेगारांच्या हातून कशाला घ्यावे लागले? चरित्रकाराने नायकास विचारावयाचा एकमेव प्रश्न कोणता असेल तर तो हा होता. तो विचारला असता आणि नायकास उत्तर देता आले नसते, तरी त्या निरुत्तरतेतून एक माणूस उभा राहिला असता.

चित्रपटाची रचना पाहिली की हे अनवधान नव्हे हे कळते. परदेशातून आलेल्या एका लेखिकेस नायक आपली कथा सांगतो. ती प्रथम लिहिण्यास नाखूष आहे, मग साशंक, मग हळूहळू द्रवत जाते. नाट्यदृष्ट्या ह्या पात्रास दुसरे काही काम नाही. ती एकट्या व्यक्तीची ज्यूरी आहे, आणि प्रेक्षकांनी तिच्या मागोमाग मत द्यावयाचे आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून ज्यूरी गेली. हिरानींनी ती चित्रपटगृहात परत आणली. दिग्दर्शकांनी स्वतःच पुढे सांगितले की पहिले संकलन काही लोकांस दाखविले तेव्हा त्यांस नायकाविषयी तिटकाराच आला, म्हणून त्याच्याविषयी कणव वाटेल असा भाग मागाहून घातला गेला. ही कबुली प्रामाणिक आहे, तिचे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे. पण त्या पहिल्या प्रेक्षकांस जे वाटले ते चुकीचे होते असे कोणी ठरविले? कदाचित तेच मूळ चरित्र असेल आणि आपण पाहिला तो त्याचा जामीन-अर्ज असेल.

वृत्तपत्रांवरही चित्रपटाचा मोठा रोख आहे. बातमीच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून वाटेल ते छापता येते, आणि त्या प्रश्नचिन्हाने एका माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त झाले, अशी फिर्याद आहे. ह्यात तथ्य नाही असे नाही. त्या काळच्या पत्रांनी भलतेसलते लिहिले, आणि पत्रकारितेच्या पानांवर बसलेले आम्ही त्याचे समर्थन करणार नाही. परंतु बंदुकीची बातमी छापली तीही वृत्तपत्रानेच, आणि ती खरी निघाली, हे विसरून कसे चालेल? शेवटी खरा संजय दत्त आणि त्याचे सोंग घेतलेला नट हे दोघे एकत्र येऊन पत्रकारांची टवाळी करणारे गाणे गातात. तेव्हा चरित्र संपते आणि जाहिरात सुरू होते.

आता ‘बाबा’ ह्या शब्दाविषयी. गिरगावातल्या किंवा दादरच्या आपल्या घरांत बाबा म्हणजे वडील. घरातला सर्वांत जबाबदार माणूस. पाली हिलवरच्या बंगल्यात बाबा म्हणजे धन्याचा लहान मुलगा, ज्याने काही फोडले-तोडले तर आया आणि माळी निस्तरतात. ‘संजूबाबा’ हा दुसऱ्या अर्थाचा बाबा आहे. 1993 च्या जानेवारीत ती बंदूक घरात आली तेव्हा ह्या बाळाचे वय तेहेतीस वर्षांचे होते. ह्या एका शब्दाने जेवढे काम केले तेवढे दहा नामांकित वकिलांनी केले नसते, कारण मोठ्या माणसास शिक्षा करता येते, लहान मुलाला फार तर रागे भरता येते. रणबीर कपूर ह्यांनी ती चाल, ते पडलेले खांदे, तो अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा निरागसपणा अचूक उचलला आहे. नक्कल म्हणून ती अप्रतिम आहे. पण नक्कल जितकी उत्तम तितका बाबा लहान होत जातो, आणि त्याचे प्रौढ वय पडद्यावर कोठे सापडतच नाही. पहिल्या दोन विवाहांचा आणि थोरल्या कन्येचा चित्रपटात उल्लेख नाही, तोही बहुधा ह्याच कारणाने असावा. स्वतःच बाळ असलेल्यास मूल कसे दाखवावयाचे?

लोकांची गोष्ट निराळी. खटला चालू असतानाच 1993 साली ‘खलनायक’ आला आणि धो धो चालला. लोकांस तो आरोपी आहे हे ठाऊक होते, किंबहुना म्हणूनही ते गेले. पुढे जन्मभर काँग्रेसमध्ये राहिलेले सुनील दत्त मुलासाठी बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या घरी गेले, आणि ठाकऱ्यांनी मुलाची बाजू घेतली. ज्या दादरात सेनाभवनाशेजारी स्फोट झाला त्या दादरातल्या पुष्कळ शिवसैनिकांनी ते मानले. ह्यास कोणी दुटप्पीपणा म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. बापाने मुलासाठी दार ठोठावणे ही गोष्ट आपल्याकडे पक्षाहून मोठी मानली जाते, आणि ती मानली जाते ह्यात आपली काही नामुष्की नाही. 2013 साली शिक्षा कायम झाल्यावर माफीसाठी अर्ज झाले, ते 2015 साली राज्यपालांनी फेटाळले. मधल्या काळात पॅरोल आणि फर्लोवर दत्त वरचेवर बाहेर आले म्हणून ओरड झाली. लोक असे दोन्ही बाजूंस होते, आणि एकाच घरातही होते.

पण त्याच निकालात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईस पाच वर्षांची शिक्षा कायम झाली. दत्तांच्या घरून परत नेलेली शस्त्रे तिच्या घरी ठेवण्यात आली, हा तिच्यावरचा आरोप. दत्तांस टाडा लागला नाही, तिला लागला. दत्तांबरोबर तिलाही माफी मिळावी असे न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू ह्यांनी मागितले होते, हे त्यांच्या न्यायबुद्धीस भूषण आहे. परंतु गावात वाद रंगत तो दत्तांचाच. त्या बाईचे काय झाले हे आमच्या ओळखीच्या दहा सुशिक्षित कुटुंबांत आम्ही विचारून पाहिले. एकासही तिचे नाव सांगता आले नाही. 257 मृतांपैकी एकासही ‘संजू’मध्ये पात्र म्हणून जागा मिळालेली नाही ह्याचे मग नवल करण्याचे कारण उरत नाही. पडद्याने कोणाला घेतले आणि लोकांनी कोणाला लक्षात ठेवले ह्या दोन याद्या हुबेहूब जुळतात.

ह्या चित्रपटात चांगले काहीच नाही असा मात्र समज होऊ नये. परेश रावळ ह्यांनी उभा केलेला बाप आणि विकी कौशल ह्यांनी केलेला गुजराती मित्र हे दोघे जेव्हा जेव्हा येतात तेव्हा कथेत प्राण येतो, कारण ह्या दोघांस काहीतरी सोसावे लागते. हिरानींची हातोटी अशाच प्रसंगांत आहे. ह्याच दिग्दर्शकाने ह्याच नटास घेऊन 2003 साली ‘मुन्नाभाई एम. बी. बी. एस.’ केला आणि 2006 च्या सप्टेंबरात, निकालास जेमतेम तीन महिने राहिले असता, ‘लगे रहो मुन्नाभाई’ आणला. शस्त्र कायद्याचा आरोपी पडद्यावर गांधीजींशी बोलतो आणि ‘गांधीगिरी’ हा शब्द गिरगाव-परळच्या पोरांच्या तोंडी बसतो, असा योग कोणत्या नाटककारास सुचला असता तर आम्ही त्यास अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

दत्तांचे खरे चरित्र ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी तो 2003 चा चित्रपट पुन्हा पाहावा. तेथे नायक गुंड आहे, आणि आपण डॉक्टर आहोत असे बापास खोटे सांगत आला आहे. ते उघडे पडते तेव्हा बाप अपमानित होऊन गावी निघून जातो. त्या बापाचे काम स्वतः सुनील दत्त ह्यांनी केले होते. अटकेनंतर दहा वर्षांनी ते मुलासमोर कॅमेऱ्यात उभे राहिले, आणि 2005 साली, निकाल लागण्यापूर्वी, वारले. त्या चित्रपटाच्या शेवटी बाप मुलास छातीशी धरतो. तेथे वृत्तपत्रांची टवाळी नाही आणि द्रवणारी परदेशी बाईही नाही. मुलगा खोटे बोलला होता हे त्या आलिंगनापूर्वी सर्वांस माहीत झालेले असते.