काडतुसाचं घर

रात्री झोप येत नसली की मी चामड्याच्या वस्तू बनवण्याचे व्हिडिओ बघतो. बोलणं नाही, फक्त हात. त्यातलाच एक प्रकार म्हणजे शॉटगनची काडतुसं ठेवायचे पाऊच आणि पट्टे. बनवणारे बहुतेक अमेरिकेतले. मी आयुष्यात बंदूक धरलेली नाही, तरी एक तक्रार आहे: हे व्हिडिओ नको तिथे संपतात.

शिवण ते फार छान दाखवतात. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही समोरासमोर जातात. मशीनच्या शिवणीत दोरा तुटला की ती उसवत जाऊ शकते. इथे एक टाका तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. मग कडा घासून चकचकीत होतात, वर ओकची पानं कोरली जातात, आणि रिकामा पाऊच उजेडात फिरवून व्हिडिओ संपतो. काडतूस आत जाताना क्वचितच दिसतं.

खरी परीक्षा तर तिथेच असते. बारा बोअरचं काडतूस सुमारे २० मिलिमीटर जाड. चामडं ओलं करून तेवढ्याच जाडीच्या दांडक्यावर बसवलं, तर घर नेमकं होतं. सैल झालं तर काडतूस गवतात पडतं, घट्ट झालं तर गारठलेल्या बोटांनी निघत नाही.

नेमकेपणाचा आणखी एक उपयोग आहे. वीस बोअरचं काडतूस बारापेक्षा बारीक असतं. ते चुकून बारा बोअरच्या बंदुकीत गेलं तर पुढे सरकून नळीत अडकतं. मागून बघणाऱ्याला बंदूक रिकामी वाटते. तो दुसरं काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि नळी फुटते. म्हणूनच अमेरिकेत वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात. बारा बोअरच्या नेमक्या घरात हे बारीक काडतूस ढिलं पडतं, निसटतं. म्हणजे चूक बंदुकीआधी पट्ट्यावरच कळू शकते.

आणि चामड्याचा एक दोष या व्हिडिओंत मला कधी ऐकू आला नाही. झाडाच्या सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं हे आपल्या आजीला ठाऊक होतं. चामड्याच्या घरात राहिलेल्या पितळेवरही तसाच हिरवा थर चढतो. अमेरिकन सैन्यातल्या अॅन्सन मिल्सने १८६६ मध्ये रायफलच्या काडतुसांसाठी चामड्याच्या घरांचा पट्टा करून घेतला. पितळ हिरवं पडतं हे कळल्यावर तो कापडाकडे वळला आणि पुढे घरांसकट विणलेले पट्टे आले. या कलेचा सर्वांत चांगला समीक्षक मला तोच वाटतो. स्वतःची वस्तू वापरली, आणि तिच्यावर फुली मारली.

आजच्या प्लास्टिकच्या काडतुसाचा तळही बहुधा पितळेचा किंवा पितळेचा मुलामा दिलेला असतो. म्हणून चामडं टाकून द्या असं नाही. दिवसभर वागवायला ते उत्तम. घरी आल्यावर काडतुसं काढून ठेवायची, एवढंच. पण हे सांगायला बनवणाऱ्याने वस्तू वापरणाऱ्याच्या हातात गेल्यानंतरचा विचार करायला हवा. कोरलेली पानं बघणाऱ्यासाठी असतात. घराची आतली बाजू वापरणाऱ्यासाठी असते, आणि हातांचं कसब मी तिथे शोधेन.