पाहणाऱ्याला मिळालेली बढती

पाळत ठेवण्याच्या व्हिडिओ गेम्सचं आता एक छोटंसं घराणं झालं आहे. त्याचा मूळपुरुष ‘पेपर्स, प्लीज’. लुकास पोप यांनी जवळपास एकहाती केलेला हा खेळ ऑगस्ट २०१३ मध्ये आला. अमेरिकेची गुप्तचर यंत्रणा कुणाकुणाचे फोन आणि ईमेल चाळते, हे एडवर्ड स्नोडेन यांनी जगापुढे आणलं तेही त्याच वर्षी, दोनच महिने आधी. हा निव्वळ योगायोग होता, पण पुढच्या खेळांना हवा मिळाली ती या दोन्हींतून. पोप यांनी आर्स्टोट्झ्का नावाच्या काल्पनिक देशात, १९८२ सालच्या सीमानाक्यावर खेळाडूला पासपोर्ट तपासायला बसवलं. माणसं आत सोडायची की परत पाठवायची, एवढंच काम. संध्याकाळी हिशेब व्हायचा: घरभाडं, जेवण, घरातल्या आजाऱ्याचं औषध. चूक झाली की दंड, आणि दंड झाला की घरात कुणीतरी उपाशी.

पोप यांनी या खेळाचा दुसरा भाग काढला नाही. त्यांच्या वाटेवरून चाललेल्या इतरांनी मात्र काढले. हॅम्बर्गच्या ऑस्मॉटिक स्टुडिओजचा ‘ऑर्वेल’, रशियातल्या वॉर्म लॅम्प गेम्सचा ‘बिहोल्डर’ आणि माद्रिदच्या फिक्शोरामाचा ‘डू नॉट फीड द मंकीज’ या तिन्ही खेळांचे पुढचे भाग आले. खेळाडूंनी ते विकत घेतले, खेळले, आणि बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने एकच मत दिलं: बरा आहे, पण पहिल्यासारखा नाही. हे मत कुठल्याही सिक्वेलच्या वाट्याला येतं म्हणून सोडून देता येईल. पण या तीन खेळांबद्दलच्या तक्रारी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्यांच्यातून या कलाप्रकाराचंच एक दुखणं समोर येतं.

सुरुवात ‘ऑर्वेल’पासून करू. पहिला भाग २०१६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर पाच प्रकरणांत आला. ‘द नेशन’ नावाच्या देशाची राजधानी बॉन्टन. तिथल्या फ्रीडम प्लाझामध्ये बॉम्बस्फोट होतो, कॅमेऱ्यात एका तरुणीचा चेहरा दिसतो आणि सरकारच्या नव्या पाळत-यंत्रणेत खेळाडूची नेमणूक होते. समोर लोकांच्या वेबसाइट, चॅट, ईमेल, फोनवरची संभाषणं, बँकेची खाती उघडी असतात. वाचता वाचता एखादं वाक्य ठळक होतं. ते उचलून त्या माणसाच्या फाइलमध्ये टाकायचं की नाही, हे खेळाडूने ठरवायचं. अधिकाऱ्याला फक्त फाइलमध्ये पडलेलं दिसतं, त्यामागचा संदर्भ दिसत नाही. थट्टेत लिहिलेली ओळ फाइलमध्ये गेली की धमकी ठरते. दोन परस्परविरोधी विधानं सापडली तर एकच निवडायचं, आणि एकदा चढवलेलं मागे घेता येत नाही.

यातली खरी कलाकुसर कामाच्या वाटणीत आहे. वाचणारा एक, कारवाई करणारा दुसरा. अटक झाली तर खेळाडू म्हणू शकतो, मी फक्त माहिती दिली. आणि तसं म्हणता येतं याचीच त्याला लाज वाटू लागते. कुठल्याही कार्यालयात ‘मी फक्त फाइल पुढे पाठवली’ म्हणणाऱ्याची ही मानसिकता आहे. व्याख्यान न देता ती खेळाडूच्या गळी उतरवणं, हे या खेळाचं मोठं यश.

दुसरा भाग, ‘ऑर्वेल: इग्नरन्स इज स्ट्रेंथ’, २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तीन प्रकरणांत आला. नाव अर्थातच ‘१९८४’ या कादंबरीतल्या पक्षाच्या घोषणेवरून. पहिल्या भागातला सिम्स आणि दुसऱ्यातली अँपलफोर्ड ही वरिष्ठांची नावंही त्याच कादंबरीतल्या पात्रांची आठवण करून देतात. या वेळी लक्ष्य एकच माणूस आहे: सरकारवर तुटून पडणारा ब्लॉगर राबान व्हार्ट. त्याच्याभोवती त्याची बायको कारेन आणि भाऊ इल्या, आणि पार्श्वभूमीला शेजारच्या पार्जेस देशातला संघर्ष. यंत्रणेत दोन मोठे बदल झाले. माहिती चढवली की खेळातलं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे काय आधी वाचायचं याला महत्त्व येतं. शिवाय शेवटी ‘इन्फ्लुएन्सर’ नावाचं हत्यार हाती येतं. त्यातून जमवलेल्या माहितीची सोयीस्कर गोष्ट रचून ती लोकांत पसरवता येते.

विषयाची निवड अचूक होती. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण १७ मार्च २०१८ ला फुटलं, तेव्हा या खेळाचं शेवटचं प्रकरण यायला जेमतेम आठवडा उरला होता. फेसबुकवरची माहिती वापरून मतदारांची मनं वळवण्याचा प्रयत्न बातम्यांत आणि तोच खेळ स्क्रीनवर, असं एकाच वेळी घडत होतं. तरीही खेळाडू पहिल्या भागाइतके हलले नाहीत. नेहमी ऐकू येणाऱ्या तक्रारी अशा: खेळ आखूड आहे, निवडीने फारसं बदलत नाही, इन्फ्लुएन्सर फार उशिरा येतो, आणि राबान इतका कडवट आहे की त्याच्याविषयी माया वाटत नाही.

यातली पहिली तक्रार मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. आखूड गोष्ट पुरेशी होऊ शकते. निवडीची तक्रार अर्धीच खरी आहे. पहिल्या भागातही फाटे मर्यादितच होते, पण तिथे ते जाणवले नाहीत. कारण संदर्भ गाळायचा की ठेवायचा, ही प्रत्येक छोटी निवड आपल्या हातून घडत होती. दुसऱ्या भागात काम आहे एका माणसाला खोटं पाडण्याचं. हेतू वरून ठरून आलेला, खेळाडूने फक्त साहित्य पुरवायचं. पहिल्या भागात संशय घेणं आपलं काम होतं, इथे संशय कामावर येण्याआधीच पक्का झालेला असतो. राबानविषयी माया न वाटण्याचं मूळही इथेच आहे. ज्याला पाडायचं म्हणून वाचायला घेतलं, त्याच्या चॅटमध्ये माणूस सापडणं अवघडच. प्रचारयंत्रणा खरोखर अशीच चालते, असा बचाव निर्मात्यांच्या बाजूने करता येईल, आणि तो खोटा नाही. पण मग खेळाडूला निर्णय घेणारा म्हणून बसवण्याचं कारण उरत नाही.

‘बिहोल्डर’मध्येही हेच वेगळ्या वाटेने घडलं. २०१६ च्या पहिल्या भागात आपण कार्ल स्टाइन, एका हुकूमशाही देशातल्या इमारतीचे व्यवस्थापक. भाडेकरू बाहेर गेले की खोलीत कॅमेरा बसवायचा, कपाट उचकायचं, दाराच्या फटीतून बघायचं आणि मंत्रालयाला अहवाल पाठवायचा. हे सगळं का करायचं, तर मुलगा पॅट्रिक याच्या शिक्षणाला पैसे हवेत आणि धाकटी मार्था आजारी आहे. औषधाची किंमत अशी की भाडेकरूला ब्लॅकमेल केल्याशिवाय भागत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ‘बिहोल्डर २’मध्ये नायक इव्हान रेडग्रेव्ह थेट मंत्रालयात कारकून म्हणून लागतो. वडिलांच्या मृत्यूचं गूढ उकलत, सहकाऱ्यांना फसवत किंवा मदत करत, त्याला मजला-मजला वर चढायचं आहे. एकाच अडचणीतून सुटण्याचे अनेक मार्ग खेळाडूंना आवडले. नागरिकांना योग्य खिडकीकडे धाडण्याचं काउंटरवरचं काम अनेकांना रटाळ वाटलं. पण त्याहून गंभीर आक्षेप असा की पाळत ठेवणं इथे दुय्यम झालं आणि खेळ साहसकथेसारखा कामं उरकण्यावर आला.

‘मंकीज’चा मामला हलकाफुलका आहे, म्हणून थोडक्यात. २०१८ च्या पहिल्या भागात एक कफल्लक माणूस ‘प्रायमेट ऑब्झर्व्हेशन क्लब’चा सभासद होतो आणि घरबसल्या अनोळखी लोकांवर कॅमेऱ्यांतून नजर ठेवतो. भाडं थकलेलं, पोट रिकामं, झोप अपुरी. २०२३ चा दुसरा भाग हीच मांडणी घेऊन २०९९ सालात गेला. विनोद टिकला, पण यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्या खासगी आयुष्यात डोकावताना जीव तेवढा कोंडत नाही. उलटं उदाहरण ‘वॉच डॉग्ज २’चं. तो पहिल्यापेक्षा अधिक आवडला, पण त्यात हॅकिंग हे सॅन फ्रान्सिस्कोतल्या तरुणांचं मजेचं खेळणं झालं. म्हणजे तिथे अवघड प्रश्न बाजूला ठेवूनच यश मिळालं.

आता या तक्रारी एकत्र वाचा. नाकेदार, इमारतीचा व्यवस्थापक, बेकार सभासद, नव्याने नेमलेला तपासनीस: पहिल्या भागांतले सगळे पाहणारे उतरंडीच्या तळाशी होते. त्यांच्यावरही कुणीतरी नजर ठेवून होतं, आणि पोटाची किंवा नोकरीची चिंता त्यांना दुसऱ्याच्या खोलीत ढकलत होती. ‘ऑर्वेल’मध्ये भाडं भरायचं नव्हतं, तरी वरिष्ठाचं समाधान करायचं दडपण होतंच. म्हणून त्यांचं पाहणं अपराधी आणि बारकाईचं होतं. दुसऱ्या भागांत निर्मात्यांनी पाहणाऱ्याला बढती दिली किंवा त्याला दूरच्या काळात नेऊन बसवलं: ‘ऑर्वेल’मध्ये बातमी रचण्याची सत्ता, ‘बिहोल्डर’मध्ये मंत्रालयाची शिडी, ‘मंकीज’मध्ये भविष्यकाळाचं संरक्षक अंतर. हाती करण्यासारखं वाढलं तसं निरखून पाहणं कमी झालं. खेळाडू ‘छोटा’, ‘रटाळ’, ‘सरळसोट’ असे शब्द वापरतात, पण त्यांना चुकल्यासारखं वाटतं ते लाचारीचं दडपण.

पहिल्या भागाची आणखी एक गोष्ट पुन्हा मिळत नाही, ती म्हणजे खेळाडूचं अज्ञान. संदर्भ तोडला की निरपराधाचा जीव जातो, हे एकदा कळल्यावर पुढच्या वेळी तो सावध असतो. त्याला पुन्हा त्याच सापळ्यात पकडता येत नाही. निर्मात्यांनी यावर सत्ता वाढवण्याचा उपाय केला. माझ्या मते उपाय उलट दिशेला आहे. खेळाडूला अजून खाली उतरवा. ज्याची फाइल भरली जाते त्याच्या जागी बसवा. कुठलं वाक्य लिहायचं, कुठलं खोडायचं, भावाला फोन करायचा की नाही, हे त्याला ठरवू द्या. पाहणाऱ्याचं शहाणपण घेऊन आलेल्या खेळाडूला तिथे ते शहाणपणच भीती घालेल, कारण फाइलमध्ये काय उचललं जातं हे त्याला नेमकं ठाऊक असेल.

हे घराणं अजून तरुण आहे, आणि तीन फिके सिक्वेल म्हणजे त्याचा अंत नव्हे. ‘इग्नरन्स इज स्ट्रेंथ’ने पाळतीकडून प्रचाराकडे टाकलेलं पाऊल धाडसाचं होतं, इतकं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण या प्रकारात ताकद येते ती पाहणाऱ्याच्या अडचणीतून. ती अडचण दूर केली की उरतं ते चांगलं लिहिलेलं नाटक, आणि ते खेळाडूच्या हातून घडत नाही, फक्त त्याच्यासमोर घडतं.