चावा मोजला, पण कुठला? : सी-बार्क वाचताना

पहिल्या वर्षी व्हिडिओ कोडिंग शिकताना मी एका बॉर्डर कॉलीला 'आक्रमक' ठरवून टाकलं होतं. मैदानात एक लॅब्राडोर पळत होता. कॉली मान खाली घालून, टक लावून, अर्धगोल वळसा घेत त्याच्या मागे गेला आणि मागच्या पायाला चटकन दात लावून सुटला. माझ्या शीटवर स्कोअर 4. गाइडनी एवढंच विचारलं, "लॅब्राडोर थांबल्यावर त्याने काय केलं?" मी क्लिप तिथेच थांबवली होती. पुढे कॉली जमिनीला पोट टेकून बसला होता, समोरचा पुन्हा कधी पळतोय याची वाट बघत.

तो 4 सी-बार्क या प्रश्नावलीतला. सू आणि सर्पेल यांनी 2003 साली ती मांडली. यात मालक आपल्या कुत्र्याला गुण देतो: 0 म्हणजे आक्रमकता नाही, मधले आकडे भुंकणं-गुरगुरणं-दात दाखवण्याचे, 4 म्हणजे झडप, चावा किंवा चावायचा प्रयत्न. पाठलागाचे प्रश्न वेगळे आहेत, पण ते मांजर, पक्षी, खारी यांच्याबद्दल. आता सांगा, दुसऱ्या *कुत्र्याला* वळायला निघालेला कॉली कुठे नोंदवायचा? त्याला घर एकच उरतं: आक्रमकता.

डफी, सू आणि सर्पेल यांचा 2008 चा पेपर याच प्रश्नावलीवर उभा आहे. तो तुमच्या सिनॉप्सिसमध्ये येणारच, म्हणून नीट वाचा. मालकांचे दोन स्वतंत्र गट घेतले, आणि दोन्हींत असलेल्या आठ जातींचा क्रम बराचसा जुळला. चांगलं काम आहे. डॅक्सहुंड आणि चिवावा वरच्या क्रमात येतात हे तर मला फारच आवडलं. पण क्रम जुळला यातून मोजमापात सातत्य आहे एवढंच कळतं. भाजीवाल्याचा काटा दोन्ही वेळा पाव किलो जास्तच दाखवत असेल, तरी आकडे जुळतीलच. मूळ प्रश्नावली ताडून पाहिली ती वर्तनसमस्येचं निदान झालेल्या सुमारे 200 कुत्र्यांवर. खरी समस्या तिला सापडते, हे त्यातून दिसतं. समस्या नसलेले किती कुत्रे त्याच जाळ्यात येतात, हे त्यातून कळत नाही.

कॉपिंजर दांपत्याचं 2001 चं 'डॉग्ज' इथे उपयोगी पडतं. त्यांची मांडणी अशी: शिकारीची एक साखळी असते. नजर रोखणं, दबा धरणं, पाठलाग, पकडीचा चावा, मारण्याचा चावा. कॉलीमध्ये निवडीने पहिल्या तीन कड्या ठळक झाल्या, पुढच्या दबल्या. गुरं हाकणाऱ्या हीलर कुत्र्यांत पकडीचा चावाही राहिला. खुराला चावल्याशिवाय बैल हलत नाही. राखणीच्या कुत्र्यांत ही साखळी जवळजवळ दिसतच नाही. धनगराच्या कळपासोबतचा कुत्रा या राखणीच्या कामाचा, लांडग्यासाठी ठेवलेला. 'मेंढपाळाचा कुत्रा' म्हणून दोघांना एका कोड्यात टाकू नका.

मग क्लिपमध्ये बघायचं काय? वळणारा कुत्रा बहुधा गप्प असतो, शरीर खाली, वाट वाकडी, लक्ष मागच्या पायांकडे. समोरचा थांबला की तोही थांबतो, हाकेला बऱ्याचदा परत येतो. भांडणाला निघालेला ताठ होतो, वजन पुढे, सरळ तोंडाकडे जातो, ओठ वर, गुरगुर. चावा मानेला-चेहऱ्याला, आणि समोरचा थांबला तरी सोडत नाही. मानेवरचे केस उभे राहणं मी मोजत नाही, ते नुसत्या उत्तेजनेतही होतं.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "तो फक्त वळतोय" ही मालकांची लाडकी सबब आहे. तीनदा पाठ फिरवणाऱ्या, शेपूट पोटाखाली घेतलेल्या कुत्र्याला त्या वळण्याचा त्रासच होतोय. तो उलटला की पुढच्या दोन सेकंदांत खरं भांडण. जातीचं नावही पुरत नाही: मॉरिल आणि सहकाऱ्यांच्या 2022 च्या अभ्यासात, कुत्र्या-कुत्र्यांतल्या वर्तनाच्या फरकापैकी जातीने जेमतेम 9 टक्के उलगडला.

आणि या आकड्यावर कुणाचं तरी नशीब ठरतं. 'आक्रमक' शिक्का बसलेल्या कुत्र्याला तोंडाला जाळी लागते, घर बदलावं लागतं, कधी इंजेक्शन. म्हणून माझ्या शीटवर आता दोन जादा रकाने आहेत: 'समोरच्याने काय केलं' आणि 'त्यानंतर याने काय केलं'. क्लिप चाव्यानंतर दहा सेकंद चालू ठेवते. कोडिंगला दुप्पट वेळ जातो, गाइड सबमिशनची तारीख विचारतात, आणि त्या लॅब्राडोरच्या क्लिपवर माझं आणि माझ्या मैत्रिणीचं अजून एकमत झालेलं नाही.