‘बरी झाली’ या नोंदीचा अर्थ : दोन आत्मकथनांचा विचार

शारीरिक व्याधीच्या संदर्भात ‘बरे होणे’ म्हणजे पूर्वस्थितीस येणे, असे आपण सहज गृहीत धरतो. परंतु भावनांचा अनावर क्षोभ, आत्मघाताची ओढ आणि स्वत्वाची अस्थिरता ही ज्या विकृतीची लक्षणे होत, त्या सीमावर्ती व्यक्तिमत्त्व-विकृतीत परतून जाण्याजोगे स्थिर स्वत्व बहुधा पूर्वीही नसते. मग ‘मी बरी झाले’ असे म्हणणारी ‘मी’ कोणती? या विकृतीतून बाहेर पडलेल्यांच्या आत्मकथनांचे मूल्यमापन या प्रश्नाच्या अनुरोधाने करावयास हवे.

सुझाना केसन १९६७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात दाखल झाल्या व सुमारे दोन वर्षे तेथे राहिल्या. ‘गर्ल, इंटरप्टेड’ (१९९३) या ग्रंथात त्यांनी रुग्णालयाची कागदपत्रे जशीच्या तशी छापून त्यांच्याशेजारी स्वतःची स्मृती ठेवली आहे. दाखल करणाऱ्या डॉक्टरांची भेट त्यांच्या मते वीस मिनिटांची, तर डॉक्टरांच्या मते तीन तासांची. लेखिका दोन्ही बाजूंच्या नोंदी वाचकापुढे मांडते. रोगनिदान झालेल्या व्यक्तीची साक्षच संशयास्पद ठरते, हे येथे युक्तिवादाने नव्हे, रचनेनेच प्रत्ययास येते. ‘बरी झाली’ या शेऱ्याचीही ती अशीच उलटतपासणी करते.

मार्शा लिनेहन यांचे ‘बिल्डिंग अ लाइफ वर्थ लिव्हिंग’ (२०२०) वेगळ्या वाटेने जाते. १९६१ साली त्या रुग्णालयात गेल्या, तेव्हा निदान स्किझोफ्रेनियाचे झाले होते. आपला विकार सीमावर्ती असावा, हे त्यांचे नंतरचे मत. पुढे याच विकृतीवरील डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी त्यांनी घडविली. मात्र स्वतःचा पूर्वेतिहास त्यांनी २०११ पर्यंत जाहीर केला नाही. शिकागोच्या प्रार्थनामंदिरातील १९६७ चा साक्षात्कार हा या ग्रंथाचा कळसाध्याय वाटतो. परंतु त्यानंतरही दुःख परतले, हे लेखिका लपवीत नाही. उत्तरार्धात उपचारपद्धतीचा इतिहास विस्तारतो आणि ती दुःखी मुलगी दृष्टीआड होते, हा दोष मान्य करावा लागेल.

मॅक्लीनमध्येच राहिलेल्या २९० रुग्णांच्या दहा वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. निदान दोन वर्षे टिकलेला लक्षणांचा उपशम ९३ टक्क्यांत आढळला; पण त्यासोबत नातेसंबंध व कामधंदाही सावरला, असे ५० टक्केच होते. लक्षणे जाणे आणि जीवन जुळणे यांत एवढे अंतर आहे.

हे अंतर आकड्यांनी मोजता येते. ते जगले कसे जाते, हे आत्मकथनच सांगू शकते. लिनेहन यांचा ग्रंथ ते पार करण्याची साधने देतो. केसन यांचा ग्रंथ मात्र पलीकडे पोहोचल्याचा दाखला देण्याचा अधिकार कोणाचा, असे विचारतो. म्हणून वाङ्मय या नात्याने तो अधिक टिकाऊ वाटतो.