पुठ्ठ्याचा हात आणि रोवणीतला वाक

विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याचा हात हमखास असतो. भंडारा जिल्ह्यातील एका शाळेतही आम्ही तो पाहिला. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या, कोपराच्या जागी ढिला बसवलेला नट-बोल्ट आणि एक दोरा. दोरा ओढला की कोपर वाकते. ‘बिजागरीचा सांधा!’ मुले एका सुरात सांगतात.

मॉडेल स्वस्त आहे, सोपे आहे. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही, हे दोऱ्यामुळे नेमके कळते. पण मग कोपर सरळ कसे होणार? मॉडेलमध्ये ते बोटाने सरळ केले होते. आपण भिंत ढकलतो तेव्हा हे काम दंडामागचा त्रिशिर स्नायू करतो. मागच्या बाजूला दुसरा दोरा नसेल, तर मॉडेल अर्धेच उत्तर देते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रत्येक सांध्याचे स्नायू स्वतंत्र, शेजारच्या सांध्याशी त्यांचा संबंध नाही, असा समज या मॉडेलमुळे होतो. तो तपासून पाहू. पाठीवर झोपून, गुडघा ताठ ठेवून एक पाय वर उचला. मांडीमागे ताण येतो आणि पाय थांबतो. आता गुडघा दुमडा. मांडी सहज पोटाकडे येते. दोन्ही वेळा खुब्याचाच सांधा वाकला. मग आधी अडवले कोणी? मांडीमागच्या लांब स्नायूंनी. बसताना टेकणाऱ्या हाडापासून निघून ते गुडघा ओलांडतात आणि त्याखालच्या हाडांना जोडले जातात. सांधे दोन, दोरी एकच.

भंडाऱ्यातील मुलांना हे पावसाळ्यात धानाच्या बांधीत दिसते. रोवणी करणारी आई ‘कंबरेत वाकते’ असे आपण म्हणतो; पण त्यातला बराच वाक खुब्यात असतो. गुडघे ताठ असतील तर हे स्नायू खुब्याला लवकर थांबवतात आणि उरलेला वाक पाठीच्या कण्याला द्यावा लागतो. रोवणीच्या दिवसांत पाठ का धरते, याचे एक कारण इथे सापडते. ‘सांध्यांचे प्रकार लिहा’ या प्रश्नात ते सापडत नाही.

म्हणून शिक्षकांना आमची सूचना एवढीच : मॉडेलला तिसरी पट्टी जोडा आणि एक दोरा दोन्ही सांध्यांवरून न्या. एक सांधा ताठ धरला तर दुसरा किती वाकतो, ते मुलांना कोनमापकाने मोजू द्या. नाव पाठ करण्याआधी सांधा कसा चालतो, हे त्यांना हाताने कळेल.