उसात किल्ला दिसत नाही: पिकावरच्या खुणा आणि आपली घाई

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरने मला उपग्रहाचं चित्र पाठवलं. लोणी देवकरजवळच्या ज्वारीच्या शेतात एक फिकट वर्तुळ. सोबत प्रश्न: "ताई, जुनी तटबंदी असेल का? पीएचडीला विषय होईल?" आम्ही शेतावर गेलो. शेतमालकाच्या आई चित्र बघून म्हणाल्या, "अगं, तिथं आमचं खळं होतं." वर्षानुवर्षं बैलांच्या पायांनी चेपलेली जमीन, म्हणून पीक खुरटं. विषय संपला.

पण त्याची चूक काय झाली, हे नीट बघायला हवं. तत्त्व बरोबर आहे. बुजलेल्या खंदकात माती खोल असते, ओल टिकते, तिथलं पीक उंच आणि जास्त दिवस हिरवं राहतं. गाडलेल्या भिंतीवर माती उथळ, पीक लवकर पिवळं पडतं. १९२५ मध्ये इंग्लंडमधलं वुडहेंज विमानातून असंच सापडलं. क्रॉफर्ड आणि किलर यांचं 'वेसेक्स फ्रॉम द एअर' १९२८ चं. तिथले डोंगरी किल्ले, खंदक, वर्तुळं या पद्धतीने भराभर नकाशावर आली.

माझा आक्षेप आहे तो ही पद्धत जशीच्या तशी उचलण्यावर. वेसेक्समध्ये खडूच्या खडकावर पातळ माती आहे, पाण्याचा निचरा पटकन होतो, वर गहू-बार्ली. इंदापुरात भीमेकाठची काळी माती. ती पाणी धरून ठेवते, फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांतून खाली जाते. त्यात नीरा डाव्या कालव्याचं आणि उजनीचं पाणी. पिकाला ताण पडला तरच खूण उमटते, आणि पाणी दिलेल्या उसाला तो ताण पडतच नाही. म्हणजे उसाच्या पट्ट्यात काही दिसलं नाही, याचा अर्थ खाली काही नाही असा होत नाही. हा मुद्दा प्रपोजलमध्ये बहुतेक जण लिहितच नाहीत.

दुसरा आक्षेप 'किल्ला' या शब्दावर. आपल्याकडचं जवळचं उदाहरण शिरूर तालुक्यातलं इनामगाव. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, १३० हून अधिक घरं सापडली, अहवाल १९८८ मध्ये आला. जोर्वे काळात तिथे मोठा बांध होता, पाण्याचा पाटही होता. आता हा बांध शत्रूसाठी की पुरासाठी? शेजारी पाट असेल तर पाण्याचा विचार आधी करावा लागतो. वरून दोन्ही सारखेच दिसतील, एक लांब रेघ. फरक कळतो तो खड्डा घेऊन मातीचे थर वाचल्यावर. चित्रावर 'तटबंदी' लिहिणं म्हणजे उत्तर आधीच ठरवणं.

मग करायचं काय? ऊस सोडा, कोरडवाहू रब्बी ज्वारी बघा, तीही कमी पावसाच्या वर्षांतली. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं लावा. खूण दरवर्षी जागा बदलत असेल तर ती खताची किंवा पाण्याची. आणि सगळ्यात आधी गावात विचारा.

आपल्या शेतकऱ्याकडे जुन्या वस्तीसाठी शब्द आहे: पांढर. राखेची, भुसभुशीत, फिकट माती. बारामती तालुक्यातल्या सोनगावला १९६५ मध्ये ताम्रपाषाणयुगीन वस्ती खोदली गेली, तीही नदीकाठचीच. अशा पांढरीची माती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून शेतात नेली. आता तर जेसीबीने दोन दिवसांत टेकाड सपाट होतं. आपण खुर्चीत बसून वर्तुळं शोधतोय तोवर खरी जागा जातेय, ही माझी खरी काळजी.

ज्युनिअर नाराज झाला, पण थांबला नाही. सध्या तो गावोगाव फिरून 'पांढरी' नावाची शेतं विचारतोय आणि प्रत्येक जागा नकाशावर टाकतोय. चित्रं त्यानंतर बघणार आहे.