सिंहस्थातील गर्दी आणि ड्रोनची दृष्टी : एक चिकित्सा

आपत्ती व्यवस्थापनाविषयीच्या अलीकडील चर्चेत 'ड्रोन' हा शब्द जवळजवळ 'उपाय' या शब्दाचा पर्याय होऊन बसला आहे. पूर असो, दरड असो वा यात्रा. आराखड्यात ड्रोनचा उल्लेख आला की आराखडा आधुनिक ठरतो. नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या संदर्भात या समजुतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ड्रोनची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. २०१३ च्या उत्तराखंडातील महापुरात रस्ते व पूल वाहून गेले असताना, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या 'आयडियाफोर्ज' या कंपनीचे 'नेत्र' हे मानवरहित विमान अडकलेल्या यात्रेकरूंच्या शोधासाठी वापरले गेले. तेथे माणसे कोठे आहेत, हाच मूळ प्रश्न होता. यात्रेतील गर्दीचा प्रश्न वेगळा आहे. तेथे माणसे कोठे येणार, कोणत्या मुहूर्तावर येणार आणि कोणत्या वाटेने येणार, हे महिनोन् महिने आधी पंचांगात व वर्तमानपत्रांत छापून आलेले असते.

२७ ऑगस्ट २००३ रोजी, शाही स्नानाच्या दिवशी, रामकुंडाकडे उतरणाऱ्या सरदार चौक परिसरातील वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. साधूंनी उधळलेली नाणी वेचण्यासाठी लोक वाकले, हे कारण त्या वेळी सांगितले गेले व आजही नाशिककरांच्या बोलण्यात येते. प्रस्तुत लेखकास ते अपुरे वाटते. नाणी हे निमित्त होते. वाट अरुंद व उताराची होती आणि बांबूंच्या अडसरामागे जमाव तुंबला होता. अशा ठिकाणी कोणाची चप्पल निसटली असती तरी पुरले असते. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत आणि २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर, जेथे २३ जणांचा बळी गेला, हेच दिसते. जागा चिंचोळी आहे हे रोज तेथून जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होते. वरून पाहून कळण्यासारखे त्यात काही नव्हते.

गर्दीचा शास्त्रीय अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसे दाटली की व्यक्तीची हालचाल तिच्या हाती राहत नाही. जमाव द्रवासारखा वागू लागतो व धक्क्याच्या लाटा त्यातून फिरतात. १२ जानेवारी २००६ रोजी हज यात्रेत मिना येथे साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू दगावले. डर्क हेल्बिंग व सहकाऱ्यांनी तेथील कॅमेऱ्याच्या चित्रफितीचे विश्लेषण २००७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा या लाटा दुर्घटनेपूर्वीच चित्रात स्पष्ट होत्या असे आढळले. कॅमेऱ्याने पाहिले होते. पाहिलेल्याचा अर्थ मात्र नंतर लागला. २९ जानेवारी २०२५ रोजी प्रयागराजच्या महाकुंभात, मौनी अमावास्येच्या पहाटे, संगमावर अधिकृत आकडेवारीनुसार ३० भाविकांचा मृत्यू झाला. त्या मेळ्यात ड्रोन होते, हजारो कॅमेरे होते, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित गणनाही होती. तंत्रज्ञान निरुपयोगी होते असा निष्कर्ष यावरून काढणे घाईचे ठरेल. दिसणे आणि प्रवाह थांबविण्याचा निर्णय होणे यांत किती मिनिटे जातात, हा प्रश्न मात्र टाळता येत नाही.

प्रयागचा अनुभव नाशिकला जसाच्या तसा लागूही पडत नाही. तेथील मेळा माघातील, कोरड्या हवेतला व नदीपात्रातील विस्तीर्ण वाळूवर भरणारा. आपला सिंहस्थ ऐन पावसाळ्यातला. जाहीर कार्यक्रमानुसार पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी व दुसरे ३१ ऑगस्टला आहे. या दिवसांत गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की दुतोंड्या मारुतीला पाणी कोठवर आले, यावर शहराचे डोळे लागतात. जोराचा पाऊस व वारा असता लहान ड्रोन उडविता येत नाही. म्हणजे घाटांवरची जागा सर्वांत आक्रसते त्याच वेळी आकाशातील डोळा मिटण्याची शक्यता असते. एरवीही बॅटरीवरील बहुपंखी ड्रोन साधारण अर्धा तास टिकतो. केबलने जमिनीशी जोडलेला ड्रोन तासन् तास राहतो, परंतु एकाच जागी. पंचवटीतील गल्ल्या, जुन्या वाड्यांच्या पुढे आलेल्या माड्या, पावसासाठी ताणलेली ताडपत्री आणि हजारो छत्र्या यांच्याखाली काय चालले आहे, हे वरून दिसत नाही. त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताभोवतीची स्थिती याहून निराळी नाही. शिवाय देवळालीचे तोफखाना केंद्र, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ व ओझरचे विमानतळ यांमुळे येथील हवाई क्षेत्र ड्रोन नियम, २०२१ नुसार सर्वत्र मोकळे नाही. पोलिसांना परवानगी मिळेलच. ती आधी घ्यावी लागते इतकेच.

२०१५ चा सिंहस्थ अशा दुर्घटनेविना पार पडला, याचे श्रेय प्रामुख्याने जमिनीवरील व्यवस्थेला द्यावे लागते. वाहने शहराबाहेर थांबविली गेली, तेथून बसगाड्या सोडल्या गेल्या, नवे घाट बांधले गेले. पहिल्या पर्वणीला अडसरांचा अतिरेक झाला व भाविकांना मैलोन् मैल चालावे लागले, ही टीकाही तेव्हा झाली आणि ती रास्त होती. तरीही गर्दी चिंचोळ्या जागेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडविण्याचे तत्त्व योग्यच होते. ड्रोनचे खरे स्थान या तत्त्वाच्या सेवेत आहे. रामकुंडावर घिरट्या घालण्यापेक्षा द्वारका, आडगाव नाका, पेठ रस्ता येथील येणाऱ्या प्रवाहावर तो अधिक उपयोगी पडेल, कारण तेथे वाट रुंद असते व थांबविण्यास वेळ हाती असतो.

लाखो भाविकांच्या चित्रणाचे पुढे काय होणार, हा प्रश्नही खासगीपणाच्या मूलभूत हक्कावरील २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयीन निर्णयानंतर गौण मानता येणार नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आराखड्याचे मूल्यमापन करताना ड्रोनची संख्या विचारण्याची पद्धत म्हणूनच बदलावयास हवी. नियंत्रण कक्षातील पडद्यावर गर्दी दाटताना दिसल्यानंतर नाक्यावरील अडसर बंद करण्याचा अधिकार कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्यास आहे? त्यासाठी वरिष्ठांची वाट पाहावी लागते काय? जाळे कोलमडून मोबाइल बंद पडले तर आदेश कशाने पोहोचणार? सरावाच्या वेळी पहाटे तीन वाजता, पावसात, पडद्यावरील पहिल्या इशाऱ्यापासून अडसर प्रत्यक्ष बंद होईपर्यंतचा कालावधी घड्याळ लावून मोजावा आणि तो आकडा जनतेसमोर ठेवावा.